हातचा

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर पहाटे पाचला
मेरन खिडकीची काच पुसते, वारा बघते,
मग पडद्यावरचा निळा चौकोन माउसनं उचलून
अलगद खाली ठेवते, पाहुण्यासाठी खुर्ची सरकवावी तसा.
त्यात लिहिते: सातची फेरी रद्द.
झालं. दुसऱ्या हातातला चहा अजून गरम.

ते पान मी पहिल्यांदा आतून उघडलं
तेव्हा हसू आलं, मग गेलं.
वरून कीर्तन, आतून तमाशा.
डब्यात डबी, डबीत डबी,
सतराव्या डबीत एकच शब्द: रद्द.
ओळ जरा खाली यावी म्हणून
नऊ रिकामे परिच्छेद.
मथळा तर मथळाच नव्हता,
नुसती जाड केलेली अक्षरं.

मी जुन्या वळणाची.
उघडलेला कंस मिटेपर्यंत
माझ्या घशाखाली घास उतरत नाही.
तीन रात्री बसले, सगळं पुसून हातानं लिहिलं.
सत्तर ओळी.
वाचून पाहिल्या, पुन्हा वाचून पाहिल्या,
खरं सांगायचं तर मिरवल्या.

चौथ्या पहाटे वादळ.
मी गाढ झोपेत.
मेरनला माझ्या कंसांच्या रानात
'रद्द' ठेवायला जागा सापडेना.
पान म्हणत राहिलं: सात वाजता, वेळेवर.
धक्क्यावर एकोणीस माणसं, पिंजऱ्यात दोन मेंढ्या,
शेवटी गमबूट चढवून तीच धावत गेली
वाऱ्याच्या वर आवाज काढत.

त्या एकोणिसांत एर्लंड ड्रेव्हर होता.
त्याला दिसत नाही. फोनमधली बाई त्याला पान वाचून दाखवते.
जुनं पान वाचताना ती नऊ वेळा 'रिकामे' म्हणायची
आणि तो काठीनं जमिनीवर मोजत बसायचा.
मला म्हणाला, "पोरी, काल पहिल्यांदाच
पान इतकं स्वच्छ बोललं,
आणि धडधडीत खोटं बोललं."

मी काही बोलले नाही.
भिंतीवर मीठ साचलं होतं, ते नखानं खरवडत राहिले.

आता चौकट माझी.
मथळा मथळाच आहे, तक्ता तक्ताच,
आणि मधोमध एक खिडकी मेरनची,
तिथं तिनं माउसनं हवं ते करावं.
शाळेत बेरजेला हातचा धरायचो ना,
उत्तरात कुठं दिसायचा नाही,
सुटला की मात्र गणित चुकायचं,
तेवढंच उरलंय माझं काम.

तरी ती अजून एंटर दाबून ओळ खाली आणते.
दर शुक्रवारी मी ते रिकामे परिच्छेद वेचते,
तांदळातले खडे वेचावेत तसे.
कधी कुरकुरते, कधी नाही.

परवा एर्लंडचा फोन.
"आज बाई दोनदा 'रिकामे' म्हणाली."
म्हटलं, थांब, आत्ता काढते.
"राहू दे," तो म्हणाला,
"मेरन घाईत असणार.
वारा फिरलाय."