मुंग्या

"भाऊ, मुंग्या येऊन राहिल्या."
फोनवर एवढंच सांगायचे लोक.
मी समजायचो: तांडापेठेत
पुन्हा कनेक्टर गंजला असेल,
नाहीतर नाईक तलावाच्या वळणावर
खारीनं वायर कुरतडली असेल.

शिडी सायकलला बांधून निघायचो.
मागच्या सायकलवर निनावे,
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं.
कुणी विचारलं, कुठं रे?
तर म्हणायचा, साप सोडायला.

मे महिन्यात पत्र्याला
चप्पल चिकटायची.
पक्कड खाली राहिली की
दातांनीच सोलायचो वायर.
तांब्याची ती चव
अजून आहे पुढच्या दातांत.

वरून घरं वेगळीच दिसतात.
मूगवड्यांची वाळवणं, कूलरचं जुनं गवत,
मागच्या अंगणात मोडका हातमाग
आणि त्यावर निवांत बसलेली कोंबडी.
दमयंतीबाई हेडाऊ विचारायची,
"पानी देऊ का बाप्पा?"
आणि गडवा हातात देता देता,
"माह्या सिरियलच्या टायमाला
लाइन नको काढू हं."

संक्रांत झाली की आठवडाभर
मांजाच उतरवायचो आम्ही.
पोरं खालून ओरडायची, अंकल, पतंग टाका!
निनावे एका पतंगाचा
एक तिळाचा लाडू घ्यायचा.
उधार चालायचा नाही.

एकदा शेठनं यादी दिली.
तीन महिने थकलेले. कापायचे.
पाचवं नाव उमरेडकर.
गच्चीवर चढलो, कनेक्टर फिरवून काढला,
आणि झरोक्यातून सहज खाली पाहिलं.
पोरगं उठलंच नाही टीव्हीसमोरून.
मांडी घालून
मुंग्याच पाहत बसलं,
जणू थोड्या वेळानं
त्यातूनही काही निघेल.

मी परत जोडून टाकला.
यादीवर खूण केली, कापला म्हणून.
पुढच्या पगारात दीडशे कमी आले.
शेठ काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

मग डबे आले.
चित्र असायचं, नाहीतर नसायचं.
मधलं काही उरलंच नाही.
मग काचेची वायर आली.
ती काही दातांनी सोलता येत नाही.
निनावे आता मिहानकडं वॉचमन आहे,
नाइट ड्युटी, फोन उचलत नाही.

हेडाऊबाईच्या गच्चीवरून मी ओढलेली लाइन
अजून तशीच लटकते.
तिची सून त्यावर टॉवेल वाळवते.
खालून स्कूटर नेताना
मान आपोआप वर जाते.
कोणती मेलेली, कोणती जिवंत,
अख्ख्या गल्लीचं सांगतो, विचारा.

हल्ली रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात.
डॉक्टर म्हणतो, मानेतली नस दबली,
वर पाहून पाहून.
मी अंधारात हात झटकत बसतो.
बायको कूस बदलते,
झोपेतच म्हणते,
लाइन गेली का?