कर्ता ओळखा

माझं काम एवढंच:
वेस्टमिन्स्टरच्या समितीकक्षात
घोड्याच्या नालेसारख्या टेबलाच्या तोंडाशी बसायचं
आणि बोललेलं बोललं तसं उतरवायचं.
खोकला वगळून. खुर्चीची करकर वगळून.
पाण्याचा घोट वगळून.

आज बँकांची सुधारणा,
आणि बँका चालवणाऱ्यांचा पगार.
पगार म्हणत नाहीत इथे. मोबदला म्हणतात,
पॅकेज म्हणतात, आणि बोनस म्हणताना
आवाज जरा खाली आणतात,
घरातल्या आजाराचं नाव घ्यावं तसा.

माझे वडील मिरजेच्या एसटी डेपोत फिटर होते.
दिवाळीला त्यांना मिळे त्याचं कागदावरचं नाव
सानुग्रह अनुदान.
त्या अनुग्रहातून एका वर्षी प्रेशर कुकर आला,
पुढच्या वर्षी नुसती त्याची शिट्टी.

तज्ज्ञ म्हणाले, मध्ये कुंपण घालू:
अलीकडे लोकांच्या ठेवी, पलीकडे जुगार.
मी इंग्रजीत कुंपण टाइप केलं
आणि मनात मराठीतलं शेत हललं.
ते कोण खातं, आमच्याकडे पोरालाही ठाऊक.
विरोधी बाकावरचे म्हणाले, बोनसला कॅप घाला.
कॅप म्हणजे टोपी,
आणि कोण कुणाला टोपी घालतं
हा प्रश्न आजच्या विषयपत्रिकेवर नव्हता.
सरकारी बाजूचे म्हणाले, जपून,
टॅलेंट झुरिकला उडून जाईल.
(टॅलेंट कधी पाहिलं नाही मी. पंख असावेत.)

मग साक्षीदार, मिस्टर लँगरिश.
राखाडी टाय, फार स्वच्छ नखं.
चुका झाल्या, म्हणाले.
जोखीम घेतली गेली.
चार हजार नोकऱ्या कमी करण्यात आल्या.
बँक बुडाली.

आम्हांला व्याकरणाला शेंडेबाई होत्या.
क्रियापदाला णारा लावा, म्हणायच्या,
आणि विचारा, कोण?
मी टाइप करता करता विचारत गेले.
चुका करणारा? जोखीम घेणारा?
नोकऱ्या कमी करणारा?
कुणीच हात वर करेना.
शेंडेबाई असंही सांगायच्या की
काही वाक्यांना कर्ताच नसतो:
उजाडलं. गडगडलं. सांजावलं.
लँगरिशसाहेबांची बँक
सांजावल्यासारखी बुडाली होती.

तेवढ्यात ऑड्री थ्वेट.
पेनाइनकडच्या कुठल्या गावाच्या खासदार,
गावातली शेवटची शाखा बंद होऊन
तिथे आता नखं रंगवतात.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं,
त्या वर्षी तुम्ही किती घेतलेत?
ते जागतिक परिस्थितीबद्दल बोलले.
किती घेतलेत?
ते भागधारकांबद्दल बोलले.
बाई नुसत्या बघत राहिल्या.
अकरा सेकंद. पाण्याचा घोट.
माझी बोटं हवेत.

"चौदा लाख. मी घेतले."

दुपारभराच्या साक्षीत एवढं एकच वाक्य
आपल्या पायांवर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून दुरुस्ती आली:
'मी घेतले' ऐवजी
'मला देण्यात आले' असे करावे.
अर्थ बदलत नाही, केवळ नेमकेपणासाठी.
गॅरेथ म्हणाला, करून टाक ना,
व्याकरणात चूक तर नाही.
नाही, चूक नाही.
बाईंनी दहापैकी दहा दिले असते वाक्याला,
आणि मग विचारलं असतं, देणारा कोण?

रकान्यात मी लिहिलं: अमान्य. अर्थ बदलतो.
गॅरेथने ते दोनदा वाचलं
आणि न बोलता किटली लावली.

खिडकीबाहेर थेम्सवर चारलाच सांजावलं होतं.
ते मात्र खरंच आपोआप.