हातचा

सात नि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक.
बार्शीच्या शाळेत तो एक मी दरवेळी विसरायचे
आणि कुंटेबाई म्हणायच्या,
"अगं, हातात होता ना? सांडला कुठे?"

आता एकोणचाळिसाव्या वर्षी, फ्रेझ्नोत,
समुपदेशक बारागान बाई स्क्रीन माझ्याकडे वळवतात.
अडुसष्ट युनिटं. पासष्ट स्वीकारली.
तीन नाहीत.
कोणती, ते त्यांनी बोट ठेवायच्या आधीच कळतं,
दुखऱ्या दाढेवर जीभ आपोआप जावी तसं.

स्टॅटिक्स.

इथल्या अभ्यासक्रमात दोन प्रकरणं कमी आहेत म्हणे,
विद्यापीठाच्या यादीत हा क्रमांक कशालाच जुळत नाही.
त्यांना वाईट वाटतंय. खरंच वाटतंय;
टिश्यूचा डबा बोटभर माझ्याकडे सरकवला त्यांनी.
मी रडत नव्हते.
मी बाबांच्या दुकानाची फळी उघडत होते.

आडत बाजाराच्या तोंडाशी, आठ बाय दहा.
वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
एका पारड्यात शिक्क्याचं किलोचं माप,
दुसऱ्यात खिळे, वायसर, हाताला येईल ते,
आणि बाबा कानशीने दांडीचं टोक
केसाएवढं घासून पुन्हा टांगायचे.
श्वास धरायचे. मीही धरायचे.
दांडी थांबली की म्हणायचे,
"मिटलं भांडण."
तेव्हा याला कुणी विषय म्हणत नव्हतं.

पाच वर्षं संध्याकाळचे वर्ग, एका वेळी एक.
दिवसा सेल्माच्या कारखान्यात बेदाण्याची खोकी तोलायची,
काटा हिरवा झाला की पुढे,
लाल झाला की मूठभर काढायचे.
लॅबमध्ये जोडीदार टू वांग,
वडिलांच्या स्ट्रॉबेरीच्या शेतातून थेट यायचा,
नखांत माती, मला आंटी म्हणायचा,
सर्किट जळालं की आधी माझ्याकडे बघायचा.
त्यालाही विद्यापीठाचं पत्र आलं होतं.
तो गेला नाही. वेल्डिंग केलं. पगार लगेच.
पार्किंगमध्ये त्याने मला त्याचा कॅल्क्युलेटर दिला,
मागे खिळ्याने खरवडलेलं नाव.
"आंटी, नऊचं बटण जोरात दाबावं लागतं."

हे कुठल्या रकान्यात भरायचं, मी विचारलं नाही.

नवरा म्हणाला, म्हणजे तोच विषय परत?
म्हणजे फीसुद्धा परत?
सुद्धा.

नोव्हेंबर. नव्व्याण्णव नंबरचा हायवे.
धुकं असं की बॉनेटच्या पुढे जग मांडलेलंच नाही.
पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे धरून
पंचावन्न मैल मर्सेडपर्यंत;
तो दूधवाला ट्रक मडेराला वळला
तेव्हा एकदम पोरकं वाटलं,
मग दुसरा भेटला.

आठचा तास. शेजारचा मुलगा टोपी ओढून झोपलेला,
त्याच्या बाकावर अर्धा केक, दोन चार्जर.
प्राध्यापक फळ्यावर एक तुळई काढतात,
खाली दोन आधार, वरून एक बाण.
"डावीकडचा आधार किती उचलतो? कुणी सांगेल?"
कुणी सांगत नाही.
मला येतं.
हे मी दुसऱ्यांदा शिकतेय. खरं तर तिसऱ्यांदा.
हात वर जात नाही,
आणि मग लक्षात येतं, मी श्वास धरून बसलेय,
फळ्यावरची ती रेघ हलायची थांबेल म्हणून.

सोडते.
वहीत तारीख घालते, आकृती उतरवते,
बाण जरा जाड होतो.
मोमेंटची बेरीज शून्य.
शेजारचा जागा होऊन माझ्या वहीत डोकावतो,
मी वही थोडी त्याच्याकडे सरकवते,
आणि उत्तरातला नऊ
अंगठ्याने जोरात दाबते.