आठ पायांचा

लॅमिंग्टन रोडला छेडांच्या दुकानात
काचेखाली ते सगळे निजलेले असतात,
काळ्या फोममध्ये पाय रोवून.
काउंटरवरचा पोरगा विचारतो, काका, कुठला देऊ?
हा घ्या, वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, दोन कोअर आहेत.
मला नळाचं पाणी बघायचंय रे,
अमेरिकेला कळवायचं नाहीये.

तसे मी सगळे वापरलेत.
चाळीस पायांचा एक्कावन्न, त्याच्यावर तर शिकलो,
टेलिफोन खात्याच्या वर्गात, चाळिशी उलटल्यावर.
शिकवणारा माझ्याहून बारा वर्षांनी लहान,
त्याला सर म्हणताना जीभ अडखळायची.
निळा आर्दुइनो ऋजुताने आणला वाढदिवसाला.
गुणी आहे, चुका पोटात घालतो,
पण एक दिवा लावायचा तरी
जावयासारखं अर्धं टेबल त्याला लागतं.
आणि वायफायवाला
रात्रभर राउटरशी बोलत बसतो,
सकाळी सेल रिकामे, अंग गरम.

मला आवडतो तो आठ पायांचा.
करंगळीच्या नखाएवढा.
दोन पाय विजेला, एक रीसेटला, उरले पाच.
पाचांत भागवायचं.
चारकोपच्या खोलीत आपण पाच जणांनी भागवलंच की,
असं मी म्हणायला लागलो की ऋजुता
फोनमध्ये तोंड घालते.

आमच्याकडे पाणी येतं पहाटे चार पन्नासला.
कधी चार वीसला.
कधी नुसती हवा येते, फुसफुस करत.
कुमुद चार वाजल्यापासून नळाखाली बादली लावून
भिंतीला टेकून बसायची.
एकतीस वर्षं एक्सचेंजमध्ये मी
सगळ्या दादरच्या घंटा वाजवत्या ठेवल्या,
घरात एक बसवायला मात्र
निवृत्त व्हावं लागलं.

पहिल्या रात्री उलटा बसवला.
अंगावरचा ठिपका दिसला नाही, चष्मा फ्रिजवर.
तीन पेन्सिल सेल, आणि वास.
बोट लावलं तर बोटाला फोड आला.
गेला म्हणून उपटून काढला,
त्या घाईत तिसरा पायही तुटला.
कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात वाटलं,
एकदा सरळ लावून बघू.
रेझिस्टरच्या पायाचा कापलेला तुकडा होता,
तो जोडला, हात थरथरत होता,
टाक्याचा चक्क लाडू झाला.

वाजला.

तेव्हापासून नळाच्या तोंडाशी दोन तांब्याच्या तारा,
आणि वर खोबरेल तेलाच्या डबीत तो.
दर आठ सेकंदांनी एक डोळा उघडतो,
तारांकडे बघतो,
पाणी नाही म्हणून पुन्हा झोपतो.
इतकं थोडं खातो की
गेल्या गणपतीतले सेल अजून चालू आहेत.
एक्सचेंजमध्ये रात्रपाळीला मीही असाच झोपायचो,
साहेबांना ठाऊक होतं.

आता कुमुदने झोपावं की नाही?
ती चारलाच उठते.
बादली लावते, भिंतीला टेकते,
डबीकडे बघत राहते.
म्हणते, उठतो ना वेळेवर, ते बघायला नको?
वाजला की त्याला हळूच म्हणते, ऐकलं रे.
मला वाटतं मी झोपलोय असं तिला वाटतं.

छेडा गल्ल्यावरून म्हणाले,
दहा घेऊन ठेवा, भाव चढणार आहे.
मी चार घेतले.
पोराने फोमसकट पाकिटात घातले,
आठही पाय सरळ, अंगावरचा ठिपका
या वेळी चष्मा लावून बघितला.
घरी आल्यावर कुमुदने विचारलं,
नवे कशाला?
अडीनडीला, म्हटलं.
तिने ते बटणांच्या डब्यात ठेवले, अगदी तळाशी,
आणि लंगड्याच्या डबीवरची धूळ
पदराने पुसली.