फिकट राखाडी

कोपरखैरणे आमच्या यादीत
सदतीस तऱ्हांनी नांदत होतं.
मधे जागा सोडून, न सोडता,
ण चा न करून,
एकाने तर नुसतंच 'कोपर'
आणि कंटाळून पुढे टिंब.

म्हणून महाप्याच्या चौथ्या मजल्यावर
मी हा रकाना बांधला.
दोन अक्षरं टाइप करा, की आधीचंच खाली उलगडतं,
जास्तीत जास्त वेळा निवडलेलं सगळ्यांत वर,
बोटाच्या अगदी तोंडाशी.
आणि तळाला, सरकवत गेलं तरच,
फिकट राखाडीत: 'यात नाही? नवीन जोडा.'
त्यावर दाबलं की आम्ही पुन्हा विचारतो,
नक्की?
दारात चपला घालणाऱ्या पाहुण्याला
आपण विचारतो ना, जेवूनच गेला असतात,
तसं.

महिन्याभरात नवीन नोंदी नव्वद टक्क्यांनी घटल्या.
निरंजनाने सगळ्यांसाठी समोसे मागवले.

मग दिवाळे गावात, समाजमंदिरात शिबिर.
टॅबलेट घेऊन बसलेला पोरगा.
रांगेत ठकूबाई कोळी,
हातांवर कापल्याच्या रेघा, बारीक, जुन्या, पांढऱ्या.
व्यवसाय?
"कालवं काढते."
त्याने का, ल टाइप केलं
आणि माझा रकाना तत्परतेने म्हणाला:
कालवे दुरुस्ती, पाटबंधारे विभाग.
"सरकारी नोकरी आहे का मावशी?"
ती हसली. "सुकतीला खडकावर. कोयती घेऊन."
पोरग्याने दुसरं शोधलं: मासळी विक्रेता.
"हे चालेल?"
"ईकत नाय मी. ईकते माझी सून."
मागे रांग खोकली.
"एकच ते," तो म्हणाला, आणि बोट टेकवलं
जिथे टेकावं असं मीच ठरवलं होतं.

मी पंख्याखाली उभा होतो.
सांगता आलं असतं, खाली सरकव, अजून, तिथे आहे.
पण लोक काय करतात ते बघायला जायचं,
शिकवायला नाही,
असा आमच्यात नियम आहे.

रात्री ती राखाडी मी एक छटा गडद केली.
एकच. निरंजनाच्या नजरेत न भरणारी.
मग सदतीस कोपरखैरणे आठवली
आणि कितीतरी वेळ
'जतन करा'वर बाण नुसता ठेवून बसलो.

वाशीला, खाडीकडच्या खिडकीतून
चिखलाचा वास येत होता,
म्हणजे पाणी उतरलं असणार.