पापणीला टेकलेला ठिपका

नामूरच्या गिस्लँ डॉक्टरांनी
चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिले.
खुर्चीत बसताच माणसं डोळे मिटून घ्यायची.

आता भिंगाखाली
नखाएवढं डोकं: वॉटर्लूचा शिपाई.
आधी खोबणीत गडद तपकिरी,
मग पांढरा, पण निव्वळ पांढरा नाही,
जुन्या दातासारखा.
तो रंग त्यांना अचूक सापडतो.
बुबुळ वरच्या पापणीला टेकलंच पाहिजे,
नाहीतर शिपाई दचकलेला दिसतो.
श्वास रोखायचा. तीन केसांचा ब्रश.
चुकलं.
पुसलं.

सदतीस जण टेबलावरून
टक लावून बघतात त्यांच्याकडे.
ऑदिल म्हणते, सूप निवलं.

अडतिसावा, गळ्यात ढोल घेतलेला पोरगा.
त्याचे डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले
आणि सवयीने, हलकेच म्हणाले,
झालंच हं, आता दुखणार नाही.