ऐरण चार बोटं खाली

प्रणिता कामावर येणार म्हटल्यावर
यांनी आदल्या रविवारी करवत काढली
आणि ऐरणीखालचा बाभळीचा ओंडका
चार बोटं कापला.

मी डबा घेऊन चालले होते.
वागळे इस्टेट, दोन प्रेसवाल्यांच्या मधली
आमची दहा बाय बाराची शेड.
सुट्टीची शेजारची मशीनं गप्प,
त्यामुळे करवत कोपऱ्यावरूनच ऐकू आली.

"हात सैल सोड," ते लेकीला सांगत होते.
"आता मूठ वळ. मूठ जिथे लोंबते
तिथे ऐरणीचं तोंड पाहिजे.
वर असलं तर प्रत्येक घावाला खांदा उचलावा लागतो.
दिवसाला आठ हजार वेळा उचलशील?"

आठ हजार.
मी घाव कधी मोजले नव्हते.
मी मोजल्या त्या रात्री,
अडीचच्या सुमाराला उठून
थर्मामीटर झटकावा तसा हात झटकत बसलेले हे,
आणि बोटांना मुंग्या.
कप हातातून सुटायला लागला
तेव्हा बशीत ओतून प्यायला लागले,
लोकांना वाटलं जुनी सवय.
शर्टाचं वरचं बटण मी लावायची.
लाडाने लावते असं आत्याबाईंना वाटायचं.
कामगार हॉस्पिटलात मनगट उघडून शिवलं,
डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

"आवळू नकोस गं. पडू दे हातोडी.
आपटून ती आपणहून वर येते, तेवढी येऊ दे तिला.
खाली जाणारा घाव तुझा,
वर येणारा तांब्याचा.
आणि भांडं फिरव,
मनगट नको."

दांडा काचेच्या तुकड्याने तासलेला,
तिच्या तळहाताच्या मापाने.
पायाखाली कुठल्याशा बंद लिफ्टमधली रबरी चटई.
कानांत घालायला कापूस, तोही पुडीत बांधून.

मी डबा खाली ठेवला.
हंड्याला मठार देताना
तांबं ताठरायला लागलं की आवाज बदलतो,
हे यांना झोपेतही कळतं.
लगेच भट्टी, लाल होईपर्यंत, मग पाणी,
की पुन्हा मऊ.
तडा जाण्याआधी थांबायचं,
तांब्याच्या बाबतीत कधी चुकले नाहीत.

म्हणून राग आला. सरळ विचारलं,
हे सगळं माहीत होतं तर
तीस वर्षं काय करत होता?

करवतीच्या दात्यांतला भुसा
ते नखाने काढत राहिले.
"ओंडका बाबांनी बसवलेला," म्हणाले.
"बाबा उंच होते."

एवढंच.
मग भाजी कसली आहे ते विचारलं.

आता दर पंचवीस मिनिटांनी
प्रणिताच्या फोनमध्ये कोंबडा आरवतो.
ती हातोडी ठेवते, बोटं ताणते,
पाणी पिऊन पुन्हा बसते.
पहिल्या आठवड्यात हे चिडले,
असा कोंबडा ठेवून कुणी हंडा केलाय का?
परवा पाहिलं,
तो आरवला तर ती दुकानात नव्हती,
फोन विसरून गेलेली,
आणि यांनी एकट्याने
हातोडी खाली ठेवली होती.

कापलेली चकती मी घरी आणली.
किसननगरच्या खोलीतला ओटा
बिल्डरने कुणाच्या मापाने बांधला
कुणास ठाऊक.
बावीस वर्षं पोळी लाटताना
माझा उजवा खांदा कानाशी येतो,
मला वाटायचं, वय.

चकती ओट्यापुढे टाकली.
उभी राहिले.
थोडी डुगडुगते,
एका बाजूला कागदाची घडी लावावी लागेल.
बाभळीचा वास अजून ओला आहे तिला,
आणि काठावर
करवत अडखळली होती तिथे एक खाच,
टाचेला लागते.